एका बैठकीत तीन परंपरा : लोक, शास्त्रीय आणि जॅझ वृंदवादनाचा आढावा

वृंदवादन म्हणजे अनेक वाद्यांनी मिळून एकच रचना उभी करणे. साथसंगत आणि जुगलबंदी यांच्यापेक्षा ते वेगळे असते. साथसंगतीत एक मुख्य कलाकार आणि त्याला आधार देणारे बाकीचे असतात. जुगलबंदीत दोघे समोरासमोर बसतात. वृंदात प्रत्येकाचा वाटा आधी ठरलेला असतो आणि कोणी केव्हा गप्प राहायचे हेही ठरलेले असते. ही कल्पना भारताला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यमेळाला 'कुतप' म्हटले आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायक-वादकांच्या संख्येवरून उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे वृंदाचे प्रकार सांगितले आहेत.

लोकसंगीत, रागसंगीत आणि जॅझ या परंपरांचे वादक एका वृंदात बसले की प्रश्न अवघड होतो, कारण तिन्हींचे कायदे वेगळे आहेत. लोकसंगीत प्रसंगाला बांधलेले असते आणि ते ऐकून शिकले जाते. रागसंगीत एका षड्जाला धरून बसते आणि तालाच्या आवर्तनात वाढते. जॅझ स्वरमेळाच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, चालत्या साखळीवर उपज करतो. या तिघांना एकत्र आणण्याचे प्रयत्न छत्तीसगडपासून गोव्यापर्यंत आणि मुंबईपासून लंडनपर्यंत झाले. जिथे ते टिकले तिथे एक गोष्ट समान आढळते : कागदावरची आणि कानावरची अशा दोन्ही भाषा जाणणारा, किंवा त्या दोहोंमध्ये ये-जा करणारा, कोणीतरी वृंदात होता.

अभनपूरच्या मांडवातला वृंद

रायपूरहून दक्षिणेला धमतरी आणि पुढे जगदलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर अभनपूर लागते. तिथून एक फाटा राजिमला, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमाकडे जातो. राजिमला माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत जत्रा भरते. वल्लभाचार्यांचे जन्मस्थान मानले जाणारे चंपारणही याच परिसरात आहे. म्हणजे त्यांच्या पंथाचे पुष्टिमार्गी कीर्तन, जत्रेतला नाचा आणि लग्नातला बाजा हे सारे थोड्या कोसांच्या आत कानावर पडते. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि पुढेही १९५६पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत.

छत्तीसगडच्या मैदानी भागातला नेहमीचा वृंद म्हणजे गंडवा बाजा. तो परंपरेने गांडा समाजाचे लोक वाजवतात. त्यात सनईच्या कुळातली मोहरी, लोखंडी घमेल्यावर कातडे ताणलेले भारदस्त निशान किंवा गुदुम, चकतीसारखा दफडा, टिमकी आणि मंजिरा असतात. चाल मोहरी सांगते, बाकीचे तिला धरून चालतात. चुलमाटीला, म्हणजे चुलीसाठी माती आणायला बायका निघाल्या की एक चाल वाजते, वरातीच्या स्वागताला, परघनीला, दुसरी. चाल बदलली की मांडवातल्या माणसांना पुढचा विधी कोणता हे न सांगता कळते.

वाजवण्याआधी दफडेवाला गवताचा किंवा कागदाचा जाळ करतो आणि वाद्याचे तोंड त्यावर धरतो. हाताने अंदाज घेत तो दफडा फिरवत राहतो. कातडे ताणले गेले की बोटाने टिचकी मारून बघतो, हवा तसा टणक आवाज आला की जाळ विझवतो. महाराष्ट्रातली हलगीही अशीच तापवतात. पावसाळी हवेत हे पुन्हा पुन्हा करावे लागते. या वाद्याचा सूर यंत्रावर मोजून लावलेला नसतो. तो हवामानावर आणि वादकाच्या कानावर ठरतो. पुढे पियानो किंवा सॅक्सोफोन शेजारी आला की पहिली अडचण इथेच येते.

याच प्रदेशातला दुसरा मोठा वृंद नाचा या लोकनाट्याचा. नाचातले वादक पूर्वी उभ्याने वाजवत, म्हणून त्याला खडे साज म्हणत. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपली नाचा पार्टी बांधली. चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. म्हणजे परके वाद्य स्वीकारून त्याला गावठी बोली शिकवण्याचे काम इथल्या कलावंतांनी फार आधी, कोणाच्याही सल्ल्याविना केले होते.

दरबारी बँड ते मैहर

पाश्चात्त्य वाद्ये आणि भारतीय सुरावट यांची पहिली मोठी गाठ संस्थानांत पडली. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड ठेवला. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. त्यांचे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले, आणि ते वाद्य कर्नाटक संगीतात असे रुजले की आज ते परके वाटतही नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६मध्ये गायनशाळा सुरू केली आणि भारतीय संगीतासाठी स्वतःची लेखनपद्धती वापरली. बडोदा व तंजावर ही दोन्ही मराठी दरबारांची ठिकाणे. वृंदासाठी आधी लिपी लागते हे तिथे ओळखले गेले.

मैहर संस्थानाची कथा वेगळी आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या सुमारास मैहर बँड उभा केला. मुले लहान होती, घराण्याचा वारसा कोणालाच नव्हता. खाँसाहेबांनी सतार, व्हायोलिन, चेलो, पियानो, जलतरंग अशी वाद्ये एकत्र आणली. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नलतरंग नावाचे वाद्य केले. रचना रागांत आणि लोकधुनांत बांधल्या. स्वरमेळाचा हव्यास नव्हता. सारी वाद्ये एकच सुरावट आळीपाळीने आणि थराथराने वाजवत. हा बँड आजही वाजतो. भारतीय वृंदासाठी एक नमुना त्यातून मिळाला : उपज कमी, बांधणी अधिक.

हाच धागा आकाशवाणीने पुढे नेला. पंडित रविशंकर हे अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य. दिल्ली केंद्रात असताना त्यांनी १९५२पासून आकाशवाणी वाद्यवृंदासाठी रचना केल्या. त्यांच्यानंतर १९५६मध्ये बासरीवादक पन्नालाल घोष वृंदाचे संचालक झाले. इथे हिंदुस्थानी आणि कर्नाटक वादक एकत्र बसले. दोघांच्या गमकांची जात वेगळी, त्यामुळे एक ओळ सर्वांनी सारखी वाजवणेही सरावाचे काम होते.

गोव्याची स्वरलिपी, मुंबईचा जॅझ

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून मुलांना सोलफेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. घरी परतल्यावर हीच मुले मांडो ऐकत. मांडो हा एकोणिसाव्या शतकात सासष्टीत बहरलेला संथ प्रेमगीताचा प्रकार. त्याला व्हायोलिनची आणि घुमटाची साथ असते. मुख्य सुराच्या जोडीला दुसरा आवाज बहुतेकदा तिसऱ्या स्वरावरून चालतो. मांडोनंतर द्रुत लयीतले दुलपद येते. घुमट म्हणजे मातीचे मडके, ज्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. चर्चची लिपी आणि घुमटाची लय एकाच घरात मिळाल्यामुळे गोव्याचा वादक जन्मतःच दुभाषी झाला.

पोटासाठी हे वादक ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बँडांत, संस्थानांत, मूकपटांच्या चित्रगृहांत आणि हॉटेलांत गेले. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावागावांच्या वसतिगृहांत, ते उतरत. १९३५मध्ये अमेरिकी कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबे आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांना जॅझ जवळून ऐकायला मिळाला. लिपी त्यांना आधीपासून येत होती, आता लिपीबाहेरचे वाजवायला ते शिकले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवू लागले. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

स्टुडिओतल्या दोन भाषा

लोक, राग आणि जॅझ यांचा सर्वांत मोठा संगम हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात झाला. त्याच्याइतके श्रोते दुसऱ्या कोणत्याही प्रयोगाला मिळाले नाहीत. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकले होते. त्यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतले. 'शोला जो भडके' हे गाणे असलेल्या १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो. बोंगो आणि ट्रंपेट यांची ती लॅटिन अमेरिकी धाटणी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बँडवाल्यांनी उचलली आणि वरातीत वाजवली.

स्टुडिओतले काम ठरलेल्या क्रमाने चाले. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. साहाय्यक ती सरगमीत लिहून घेई. मग अरेंजर ती पाश्चात्त्य लिपीत मांडून व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, ट्रंपेट यांच्यासाठी वेगवेगळे कागद तयार करी. ढोलकी, तबला, मेंडोलिन, सतार यांच्या वादकांपैकी अनेकांना कागद नको असे. त्यांना ठेका बोलून दाखवला, मुखडा दोनदा ऐकवला की पुरे. एकाच खोलीत निम्मे डोळ्यांनी वाजवत, निम्मे कानांनी.

संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या दोन साहाय्यकांत ही वाटणी स्पष्ट दिसते. रेइश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या एका हॉटेलात बँड चालवत. १९५०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत व्हायोलिनांचे थर आणि मुख्य सुरावटीला उत्तर देणाऱ्या समांतर ओळी त्यांनी लिहिल्या. दत्ताराम वाडकर हेही गोव्याचेच. ते तालाची बाजू सांभाळत. ढोलकवरचा त्यांचा उसळता ठेका वादकांमध्ये 'दत्तू ठेका' म्हणून ओळखला जातो. एकाकडे कागद, दुसऱ्याकडे हात. या दोघांमुळे पन्नास व्हायोलिने आणि एक ढोलक एकमेकांना न चिरडता एकत्र नांदले.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी एक पाऊल पुढे टाकले. चित्रपटांत व्हायोलिन वाजवता वाजवता ते रागसंगीताच्या ओढीत सापडले. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी शिकवले. स्टुडिओत तीन मिनिटांत संपणाऱ्या संगमाला मोठा अवकाश मिळावा म्हणून त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९५८मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभराहून अधिक वादकांनी रागांवर आधारलेल्या त्यांच्या रचना वाजवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण असा ताफा नियमित चालवायला पैसा कोठून येणार? १९६५मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीत फारसे दिसले नाहीत. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले, पण ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना माहीत होते. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला दिलेली ती दाद होती. गोन्साल्विस २०१२मध्ये वारले.

मैफलीच्या मंचावर

जॅझ आणि राग यांची थेट भेट १९५०-६०च्या दशकांत सुरू झाली. १९५८मध्ये अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक भारतात आले. मुंबईत त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वाजवले. १९६८मध्ये शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, शिवरंजनी, भैरवी अशा ११ रागांवरच्या तिच्या तुकड्यांत रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम आणि रमाकांत म्हापसेकर यांचा तबला आहे. गोवेकर, नेपाळी, मराठी आणि उत्तरेकडचे असे सारे एका खोलीत जमले होते. सतार रागाचे रूप ठेवते, सॅक्सोफोन त्याच स्वरांत जॅझची बोली बोलतो, आणि खालचा स्वरमेळ मुद्दाम साधा ठेवलेला आहे.

लंडनमध्ये कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच जॅझवादक आणि पाच भारतीय पद्धतीचे वादक अशी दुहेरी पंचकडी बांधली. त्यांची 'इंडो-जॅझ स्वीट' १९६६मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरचा तबला मुंबईहून इंग्लंडला गेलेल्या केशव साठे यांचा आहे. परदेशातल्या मराठी वादकांच्या इतिहासात साठे यांचे स्थान मोठे आहे. १९६७मध्ये 'जॅझ मीट्स इंडिया' या ध्वनिमुद्रिकेवर त्यांनी स्विस पियानोवादक इरेन श्वायत्सर यांच्या त्रयीबरोबर वाजवले. १९७२मध्ये 'मॅजिक कार्पेट' या गटात इंग्रजी लोकगायकीच्या धाटणीच्या गाण्यांना त्यांनी तबल्याची साथ दिली. राग, जॅझ आणि लोक अशा तिन्ही वाटा एका मराठी तबलजीच्या हातांखालून गेल्या. त्याच काळात मुंबईत वाढलेले गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांनी लंडनमध्ये १९६९ साली 'इंटिग्रेशन' आणि हॅरियट यांच्यासह 'हम दोनो' या ध्वनिमुद्रिका केल्या.

पुढचा टप्पा 'शक्ती'चा. १९७०च्या दशकाच्या मध्याला गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, माहीमचे तबलावादक झाकिर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांनी हा गट बांधला. मॅकलॉफ्लिन यांनी गिटारच्या पट्टीवरचे लाकूड पडद्यांच्या मधल्या जागी खोलगट करून घेतले, म्हणजे तार खोल दाबून मींड काढता येई. गिटारच्या पोटावर आडव्या तरफेच्या तारा बसवून घेतल्या. स्वरमेळाची साखळी बाजूला ठेवून त्यांनी षड्जाचा आधार मान्य केला. जॅझवादकाने स्वतःचे वाद्य बदलण्याची तयारी दाखवली, म्हणून भारतीय वादकांना आपला राग बदलावा लागला नाही. 'शक्ती'च्या २०२३च्या 'धिस मोमेंट'ला २०२४मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकिर हुसेन गेले.

मुंबईत १९७८पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा हा महोत्सव भरू लागला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले. या वातावरणात पियानोवादक लुई बँक्स आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी १९८०च्या दशकात कर्नाटक गायिका रमामणी यांच्यासह संच बांधला. सॅक्सोफोन आणि कंठ एकच कोनक्कोलची ओळ, म्हणजे तालाचे बोल, जोडीने उच्चारत.

तालवादक त्रिलोक गुर्टू हे बेळगावला जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र. तबल्याची तालीम, घरातली ठुमरी आणि मुंबईत कानावर पडलेला जॅझ यांतून त्यांचे वादन घडले. ते गुडघे टेकून बसतात, तबला आणि ड्रम एकाच मांडणीत ठेवतात आणि झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतात. १९८८च्या 'उसफ्रेत' या ध्वनिमुद्रिकेवर त्यांनी आईला गायला लावले. डॉन चेरी यांच्या ट्रंपेटशेजारी शोभाताईंचा आवाज तिथे पाहुणा वाटत नाही, कारण रचना त्या आवाजाभोवती बांधलेली आहे.

सूर, ताल आणि कागद

इतक्या प्रयोगांतून काही तांत्रिक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला सुराचा. पियानोची सप्तके १२ समान भागांत विभागलेली असतात. रागातला कोमल गंधार किंवा तीव्र मध्यम त्या खुंटीला अडकवला की रागाचा चेहरा बदलतो. याच कारणाने आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. स्वरमेळ आणखी एक पेच आणतो. खालचा स्वरसमूह बदलला की कानाला षड्ज हलल्यासारखा वाटतो. यावर जॅझमध्येच एक वाट निघाली. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'ने स्वरमेळाची घाई कमी करून एकाच स्वरसप्तकावर रेंगाळायला शिकवले. त्यानंतर राग आणि जॅझ यांचे बोलणे सोपे झाले. लोकवाद्यांचा प्रश्न याहून साधा आणि कडक आहे. मोहरीची भोके बदलता येत नाहीत. म्हणून वृंदाने मोहरीच्या सुरात सूर मिळवावा, मोहरीवाल्याला गप्प बसवू नये.

दुसरा प्रश्न तालाचा. पाश्चात्त्य लिपीत माप एकापुढे एक सरळ चालते. तालाचे आवर्तन समेला परत येते. जॅझचा ड्रमवादक ३२ मापांचा आराखडा मनात ठेवतो, तबलजी तिहाई घेऊन समेवर उतरतो. दोघांनी एकमेकांची मोजणी पाठ केल्याशिवाय उतरण्याची जागा एक होत नाही. तिसरा प्रश्न कागदाचा. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी लिहिण्याची सोपी पद्धत रूढ केली आणि ती आपल्या मराठी ग्रंथांतून पोचवली. त्या पद्धतीत ओळ आणि ताल लिहिता येतात, पण एका वेळी चालणाऱ्या आठ ओळी एकाखाली एक बघायला अरेंजरला पाश्चात्त्य पट्टीच लागते. दफड्याची लचक मात्र दोन्ही लिप्यांत मावत नाही. ती वादकाच्या मनगटात असते आणि वादकासह बोलवावी लागते.

व्हेनेझुएलाचा दाखला

लिपी वाचणारा आणि लोकवादक यांना एकत्र बसवण्याचा प्रश्न जगात सर्वांत मोकळेपणाने सोडवणाऱ्या देशांत व्हेनेझुएलाचे नाव घ्यावे लागते. तिथल्या मैदानी प्रदेशाचे लोकसंगीत होरोपो. त्यात हार्प, चार तारांचा छोटा क्वात्रो आणि मराका ही वाद्ये असतात. तीन मात्रांची आणि सहा मात्रांची चाल एकाच वेळी एकमेकींवर चढते, त्यामुळे लय सतत झुलते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आल्देमारो रोमेरो यांनी होरोपोची लय आणि जॅझचे स्वरमेळ जोडून 'ओंदा नुएव्हा', म्हणजे नवी लाट, ही शैली घडवली. १९७५मध्ये होसे आंतोनियो आब्रेउ यांनी 'एल सिस्तेमा' ही योजना सुरू केली. गरीब वस्त्यांतल्या मुलांना तिथे फुकट वाद्य आणि वाद्यवृंदातली जागा मिळे. वाद्यवृंद-संचालक गुस्तावो दुदामेल तिथूनच पुढे आले. १९८४मध्ये स्थापन झालेल्या 'गुरुफियो' या गटात शास्त्रीय बासरी, मेंडोलिन, क्वात्रो आणि बास एकत्र वाजतात.

तिथे क्वात्रो वाजवणारा गावाकडचा मानला जात नाही. तो वृंदाचा कणा असतो. लिपी वाचणारा बासरीवादक होरोपोही शिकतो आणि लोकवादकाला वाद्यवृंदाची शाळा उघडी असते. गोव्यात पॅरिश शाळांनी न ठरवता हेच केले होते. भारतात इतरत्र ही दोन दारे वेगवेगळ्या गल्लीत राहिली.

रंगभूमी, चित्रपट आणि छत्तीसगडचे संच

लोकवाद्याला कण्याची जागा देण्याचे काम भारतात मैफलीपेक्षा रंगभूमीने अधिक केले. १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये भास्कर चंदावरकर यांनी कीर्तन, लावणी आणि दशावताराच्या धाटणीचे संगीत एकत्र बांधले. स्वतः ते रविशंकरांचे सतारशिष्य होते आणि पाश्चात्त्य संगीताचे जाणकार होते, पण नाटकात त्यांनी आपले पांडित्य पुढे केले नाही. चित्रपटात अजय-अतुल यांनी २०१६च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्या भरगच्च व्हायोलिनांच्या आसपास हलगीचा ठेका गावच्याच बोलीत उभा राहतो.

छत्तीसगडमध्ये रायपूरला जन्मलेले हबीब तनवीर यांनी नाचाच्या कलावंतांना घेऊन 'नया थिएटर' चालवले. सतनामी समाजाची पंथी गीते असलेले 'चरणदास चोर' १९७५मध्ये उभे राहिले आणि १९८२मध्ये एडिंबरोला त्याचा गौरव झाला. दुर्ग भागातल्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१मध्ये 'चंदैनी गोंदा' हा भव्य लोकसांगीतिक प्रयोग सुरू केला. त्याचे संगीतकार खुमानलाल साव नाचात हार्मोनियम वाजवत वाढले होते. त्यांनी ददरिया, करमा, सुवा या लोकगीतांच्या चाली वृंदासाठी बांधल्या. व्हायोलिन आणि बासरी आली तरी चालीचा गावपणा हलला नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले साव २०१९मध्ये वारले. त्याच वर्षी पद्मश्री मिळालेले अनुप रंजन पांडे यांनी 'बस्तर बँड'मध्ये वेगवेगळ्या आदिवासी समाजांचे वादक एका मंचावर आणले. अभनपूरवरून जाणारा महामार्ग ज्या बस्तरात पोचतो तिथल्या धनकुलात मडके, त्यावर सूप आणि सुपावर टेकवलेले धनुष्य असते. धनुष्याच्या खाचांवर बांबूची काडी घासून बायका जगार ही कथागीते गातात. घरातल्या वस्तूंतून नाद काढण्याची ही कल्पकता गुर्टूंच्या बादलीहून पुष्कळ जुनी आहे.

नाव, मोबदला आणि शिक्षण

वृंदाचा शेवटचा प्रश्न माणसांचा आहे. स्टुडिओतल्या वादकांना दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळत. ध्वनिमुद्रिकेच्या आवरणावर त्यांची नावे बहुधा नसत, अरेंजरचे नाव साहाय्यक म्हणून बारीक अक्षरात येई. लोकवादकाची उपेक्षा याहून खोल आहे. गंडवा बाजा आणि हलगी वाजवणारे समाज अस्पृश्यतेच्या झळा सोसत आले. ज्यांच्या वाजवण्यावाचून लग्न लागत नसे त्यांना मांडवाबाहेर बसवले जाई. आता त्यांचे ठोके संगणकात साठवून हवे तिथे लावता येतात, आणि वादकाला त्याचा पत्ताही नसतो. लोकसंगीत घेतले आणि लोकवादक घेतला नाही, तर त्या मिश्रणाला वृंद म्हणता येणार नाही.

शिक्षणाच्या सोयी आहेत, पण त्या एकमेकींपासून दूर आहेत. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे वर्ग चालतात. मुंबईत २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. झाकिर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची 'पेशकार' ही रचना २०१५मध्ये त्याच वृंदाने प्रथम वाजवली. छत्तीसगडमधल्या खैरागढला १९५६पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू होते. खैरागढहून अभनपूरच्या मोहरीवाल्याचे घर काही तासांच्या वाटेवर आहे. त्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने एक लग्नसराई बाज्याबरोबर काढावी, आणि मोहरीवाल्याच्या मुलाला वर्गात लिपी वाचायला शिकवावी, एवढ्याने नवे दुभाषी तयार होऊ शकतात. सेबॅस्टियन, दत्ताराम, साठे आणि साव यांच्या कामातून वृंदवादनाची गरज एवढीच दिसते : ऐकणारा कान आणि वाचणारा डोळा एका बैठकीत, आणि दोघांची नावे सारख्या अक्षरात.